मेलेली माणसे कशाविषयी बोलतात? : एक्सरचा वीरगळ, पुण्याचे 'महानिर्वाण' आणि आयर्लंडची कादंबरी

१/
मेलेला मनुष्य बोलू लागला, तर तो कशाविषयी बोलेल? आत्मा, मोक्ष, स्वर्ग-नरक? २२ नोव्हेंबर १९७४ रोजी पुण्यात एका नाटकाचा पहिला प्रयोग झाला. त्यात चाळीत राहणारा भाऊराव नावाचा गृहस्थ मरतो आणि कीर्तनकाराच्या थाटात स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतो. त्याची मागणी एकच आहे : मला जुन्याच स्मशानात जाळा. अडचण अशी, की ते स्मशान बंद झाले आहे.

२/
हे नाटक म्हणजे सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण'. गेल्या वर्षी ते वाचत असतानाच काही आयरिश कादंबऱ्या हाती आल्या. तिथेही मृत बोलतात, आणि तेही परलोकाविषयी फारसे बोलत नाहीत. ते बोलतात थडग्याच्या जागेविषयी, नळाच्या पाण्याविषयी, अर्धवट सोडलेल्या इमारतींविषयी. आजचा धागा या मृत निवेदकांचा आहे. वरकरणी हा साहित्याचा विषय. पण जे गेले त्यांना बोलते करणे हा इतिहासाचाही मूळ उद्योग आहे, म्हणून तो इथे मांडतो आहे.

३/
सुरुवात आपल्या उपनगरापासूनच करू. बोरिवली पश्चिमेला एक्सर नावाचे जुने गाव आहे. तिथे सहा वीरगळ आहेत. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली कोरीव शिळा. ती खालून वर वाचायची असते. खालच्या चौकटींत लढाई आणि मरण, त्यावर वीराला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्याहून वर शिवलिंगाच्या पूजेत मग्न झालेला तोच वीर. आपण सांगतो त्या बहुतेक कथा मरणापाशी संपतात. वीरगळाची कथा मरणापासून वर चढते.

४/
एक्सरच्या काही शिळांवर समुद्रयुद्ध कोरलेले आहे. वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका एकमेकींवर चालून जाताना दिसतात. अनेक अभ्यासक या शिळांचा संबंध १२६५ च्या सुमारास झालेल्या युद्धाशी जोडतात. देवगिरीचा महादेव यादव आणि उत्तर कोकणचा शिलाहार राजा सोमेश्वर यांच्यात ते झाले. सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा निर्देश हेमाद्रीच्या प्रशस्तीत आहे. काही अभ्यासक या शिळा त्याहून जुन्या मानतात. वाद मिटत नाही, याचे कारण साधे आहे : मरणाची सविस्तर हकिकत दगडावर आहे, मरणाऱ्याचे नाव मात्र आज त्यावरून कळत नाही.

५/
एक्सरचा मृत मुका आहे. बोलका मृत शोधायचा, तर गोदावरीकाठी पैठणला जावे लागते. 'कथासरित्सागर' सांगतो, की सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत किती काळात शिकवता येईल, या पैजेत तो हरला आणि पणाप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत व देशभाषा, तिन्ही सोडल्या. मग विंध्यारण्यात काणभूती नावाच्या पिशाचाने त्याला कथा सांगितल्या, त्या पैशाचीत, म्हणजे पिशाचांच्या भाषेत. गुणाढ्याने त्या स्वतःच्या रक्ताने लिहून काढल्या : सात लाख श्लोक.

६/
राजाने तो ग्रंथ नाकारला. गुणाढ्याने एकेक पान वनातल्या पशुपक्ष्यांना वाचून दाखवत अग्नीत टाकले. राजाला उपरती झाली तेव्हा सहा लाख श्लोक जळून गेले होते, एक लाख उरले. ही आख्यायिका आहे, वृत्तान्त नव्हे. गुणाढ्याची 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. तिची संस्कृत रूपांतरेच उरली आहेत. तरीही आपल्या भूमीने कथेच्या उगमाविषयी जी कथा रचली, ती ध्यानात घ्यावी : दरबाराची भाषा गमावलेला लेखक, पिशाच निवेदक, आणि अभिजनांनी नाकारलेली वाणी.

७/
'चांदोबा' वाचून मोठे झालेल्यांना वेताळ ठाऊक आहेच. सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात रचलेल्या 'कथासरित्सागरा'त वेताळकथांचा राजा त्रिविक्रमसेन हाही प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचाच आहे. तो झाडावरचे प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, आणि प्रेतात शिरलेला वेताळ गोष्ट सांगतो. प्रत्येक गोष्टीचा शेवट एका प्रश्नात होतो : यात दोष कोणाचा? खरा हक्क कोणाचा? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला, तर त्याच्या डोक्याची शकले होतील. हे भूत घाबरवत नाही. जिवंत राजाला ते न्याय करायला लावते.

८/
भूत म्हणजे न मिटलेला हिशेब, ही कल्पना लोकपरंपरेतही स्पष्ट दिसते. मुंज झाली, पण लग्नाआधीच गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली, ती अलवंतीण. जिवाची वासना मागे अडकून राहिली, तो समंध. गावाने ज्यांना आपले मानले नाही, त्यांतल्या काहींची भुते खवीस. ही यादी लक्षपूर्वक वाचली, तर ती भुतांची कमी आणि समाजाची अधिक आहे. कोणाचे काय राहून गेले, कोणाचे विधी झाले नाहीत, कोणाला परके ठरवले गेले, याचीच ती वर्गवारी आहे.

९/
या यादीलाही एक विलक्षण इतिहास आहे. नाशिकचा जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीद्वारे लोकसमजुती गोळा केल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'च्या प्रयोगाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. जॅक्सनची टिपणे पुढे आर. ई. एन्थोवेनने संपादून छापली. कोकणचा खंड १९१५ मध्ये आला. कोकणातल्या भुतांची ही महत्त्वाची नोंद आपल्याला एका मृत माणसाच्या कागदांतून मिळाली. तीही वसाहतीच्या अधिकाऱ्याच्या, ज्याला क्रांतिकारकाने मारले होते. साधन वाचताना त्याचा मालक कोण, हेही वाचावे लागते, ते यासाठी.

१०/
आता आयर्लंडकडे वळण्यासाठी एक साल पकडू : १७७३. त्या वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वध केला. वय अवघे अठरा. अमावास्येच्या रात्री वाड्यात त्यांची 'काका, मला वाचवा' ही हाक ऐकू येते, असे आजही सांगतात. पेशवाईतील सर्वांत गाजलेल्या खुनाची लोकांनी जपलेली साक्ष तीन शब्दांची आहे. त्या तीन शब्दांत आरोपीचे नातेही आले.

११/
त्याच वर्षी, ४ मे रोजी, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात आर्ट ओ'लिअरी या तरुण सेनाधिकाऱ्याला गोळी घालून मारण्यात आले. तत्कालीन कायद्यानुसार कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून अधिक किमतीचा घोडा बाळगता येत नसे. एका प्रोटेस्टंट अधिकाऱ्याने पाच पौंडांत त्याची घोडी मागितली, त्याने नकार दिला. वैर या थराला गेले. त्याची पत्नी आयलीन डव हिने त्याच्यासाठी आयरिश भाषेत जो विलाप रचला, तो कागदावर येण्यापूर्वी काही काळ लोकांच्या कंठातच जिवंत राहिला.

१२/
२०२० मध्ये कवयित्री डिरिन नी ग्रीफा हिने या आयलीनचा शोध घेणारे 'अ घोस्ट इन द थ्रोट' लिहिले. आत्मकथन, संशोधन, अनुवाद आणि कादंबरी यांच्या सीमेवरचे हे पुस्तक आहे. लहान मुलांचे करता करता ती दप्तरे धुंडाळते, आणि तिला आढळते, की कुटुंबातल्या पुरुषांची पत्रे सापडतात, बाईचा मात्र माग लागत नाही. हे वाचताना मला शनिवारवाडा आठवला. नारायणरावांची हाक लोकस्मृतीत उरली. त्याच रात्री त्याच वाड्यात असलेल्या गरोदर गंगाबाईंचा आवाज त्या दंतकथेत कुठेच नाही. भूत होऊन बोलण्याचा अधिकारही सर्वांना सारखा मिळत नाही.

१३/
विसाव्या शतकात ही बोलकी भुते छापील पुस्तकात येतात. मराठीतल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी एक मृत माणसाच्या तोंडून सुरू होते, हे आपण सहसा लक्षात घेत नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) पहिल्याच पानावर कर्ण वाचकाची शंका ओळखतो : मेलेला माणूस बोलतो कसा? आणि उत्तर देतो, की जिवंत माणसे मेल्यासारखी वागू लागली, म्हणजे मृतांना बोलावे लागते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आळीपाळीने बोलतात. व्यासांचा एक सर्वज्ञ सूर इथे फुटून सहा साक्षींचा खटला उभा राहतो.

१४/
योगायोग पाहा. त्याच १९६७ साली आयर्लंडच्या फ्लॅन ओब्रायनची 'द थर्ड पोलिसमन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक मेलेला आहे, आणि ते त्यालाच ठाऊक नाही. ओब्रायनने ती १९४० पर्यंत लिहून पुरी केली होती; प्रकाशकाने नाकारल्यावर ती पडून राहिली. १९६६ मध्ये लेखक वारला आणि पुढच्या वर्षी पुस्तक आले. मृत निवेदकाची कथा वाचकांपर्यंत पोहोचली, ती लेखक स्वतः मृत झाल्यावर.

१५/
या सर्वांत भाऊरावाचा खरा भाऊबंद शोभतो तो माइर्तीन ओ काइन या लेखकाच्या आयरिश भाषेतल्या 'क्रे ना किल्ये' (१९४९) या कादंबरीत. शीर्षकाचा अर्थ साधारण 'स्मशानाची माती'. कोनेमारा भागातल्या एका दफनभूमीत सारी पात्रे पुरलेली आहेत आणि अखंड बोलत आहेत. निवेदक असा नाहीच, केवळ संवाद. नव्याने पुरलेल्या कॅट्रीनाचा पहिला प्रश्न काय? मला कोणत्या जागेत पुरले : पौंडाच्या, पंधरा शिलिंगांच्या, की अर्ध्या गिनीच्या? नवा मृत आला, की सगळे त्याला गावाकडची खबर विचारतात. मातीखालीही दर, दर्जा आणि भाऊबंदकी कायम आहे.

१६/
हे आयर्लंडमध्येच एवढे का फुलले? कारणे इतिहासात आहेत. १८४५ ते १८५२ च्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व रोगराईने मेली आणि त्याहून कमी नाहीत एवढी देशोधडीला लागली. अनेकांना नाव नसलेल्या सामूहिक खड्ड्यांत मूठमाती मिळाली. सर्वाधिक झळ बसली ती पश्चिमेकडच्या आयरिशभाषक गरिबांना. म्हणजे माणसांबरोबर भाषाही गेली. ज्या भाषेचे बोलणारे जमिनीखाली गेले, त्या भाषेतल्या लेखकाने जमिनीखालचेच संभाषण लिहावे, यात विक्षिप्तपणा कमी आणि वास्तववाद अधिक आहे.

१७/
परत पुण्यात येऊ. 'घाशीराम कोतवाल'च्या वादानंतर प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली. 'महानिर्वाण' त्याच संस्थेचे. तेव्हा पंचविशीत असलेले आळेकर जीवरसायनशास्त्राचे अभ्यासक होते आणि पुढे बी. जे. मेडिकल कॉलेजात नोकरी करत त्यांनी नाट्यलेखन केले. भाऊरावाच्या भूमिकेत चंद्रकांत काळे होते, मुलगा नाना खुद्द आळेकरांनी केला, संगीत आनंद मोडकांचे.

१८/
आळेकरांची युक्ती कीर्तनात आहे. कीर्तनकार हा एकटाच राजा, राणी, दूत, सारे काही होतो. आख्यानात शिरतो, बाहेर येतो, श्रोत्यांशी बोलतो, पुन्हा शिरतो. आपल्या प्रेक्षकांना हे शिकवावे लागत नाही. फक्त एरवी कीर्तनकार हरिश्चंद्राची कथा लावतो, ध्रुवाची लावतो. भाऊराव स्वतःची लावतो. देह तिरडीवर, वाणी उभी. युरोपीय समीक्षा ज्याला प्रायोगिक निवेदन म्हणेल, ते इथे देवळाच्या ओसरीवरून आलेले आहे. आणि त्या भक्तिमय घाटात ओतले आहे काय? शेजाऱ्यांची लगबग, दुःखाचे ठरीव उमाळे, न जळणारे प्रेत आणि मुलाची परवड. शेवट इथे सांगत नाही. नाटक मिळवून वाचा.

१९/
कोणी विचारील, आळेकरांनी हे ओ काइनकडून घेतले असेल का? तारखा पाहिल्या, तर शक्यता उरत नाही. 'क्रे ना किल्ये' १९७४ मध्ये केवळ मूळ आयरिशमध्ये आणि फार तर एखाद-दुसऱ्या युरोपीय भाषेत वाचता येत होती. तिचा इंग्रजी अनुवाद पुस्तकरूपाने आला तो २०१५ मध्ये. दोन लेखक, परस्परांना अनोळखी, एकाच प्रश्नावर पोहोचले : मेल्यावर जागा कोणती? साम्य दिसले, की प्रभाव शोधण्याची आपल्याला सवय असते. कधी कधी शोधायची असते ती समान परिस्थिती.

२०/
ही परिस्थिती आजच्या आयरिश कादंबरीत आणखी ठळक दिसते. माइक मॅकॉर्मकच्या 'सोलर बोन्स'मध्ये (२०१६) मार्कस कॉनवे हा मेयो परगण्याच्या स्थानिक प्रशासनातला अभियंता २ नोव्हेंबरला आपल्या स्वयंपाकघरात बसून आठवतो आहे. तो दिवस मृतांच्या स्मरणाचा, आपल्या सर्वपित्रीसारखा. कॉनवे मेलेला आहे. आणि सांगतो काय? दूषित पाण्याने शहर आजारी पडले आणि त्यात बायकोही सापडली. शाळेच्या पायाचे काँक्रीट नियमात बसत नव्हते, म्हणून सही नाकारली, तेव्हा राजकारण्यांचा दबाव आला. अख्ख्या कादंबरीत पूर्णविराम नाही.

२१/
डॉनल रायनच्या 'द स्पिनिंग हार्ट'मध्ये (२०१२) २१ माणसे एकेक प्रकरण बोलतात. त्यांतला फ्रँक मेलेला आहे. पार्श्वभूमी २००८ च्या आर्थिक कोसळणीची. बांधकाम व्यावसायिक पळून गेला आहे, कामगारांची देणी थकली आहेत आणि वसाहत अर्धवट पडली आहे. अशा ओसाड, अपुऱ्या वसाहतींना आयर्लंडमध्ये लोक 'भुतांच्या वसाहती' म्हणू लागले. बंद पडलेल्या प्रकल्पाचा गंजका सांगाडा आणि वर्षानुवर्षे भाड्याच्या खोलीत थांबलेली कुटुंबे हे चित्र कल्पून पाहायला आपल्याकडच्या माणसाला फार कष्ट पडू नयेत.

२२/
आता मूळ प्रश्न. मृत बोलू लागला, की निवेदनाची घडी का मोडते? नेहमीची कथा सांगतो तो उरलेला माणूस. त्याला शेवट ठाऊक असतो, म्हणून तो आरंभ, मध्य, अंत लावू शकतो. बखरीही जे उरले त्यांच्याच. मृताला बोलू दिले, की शेवटाचा ताबा उरलेल्याच्या हातून जातो. म्हणून मॅकॉर्मकला पूर्णविराम सोडावा लागतो, ओ काइनला निवेदक सोडावा लागतो, सावंतांना एका सुराचे सहा सूर करावे लागतात आणि आळेकरांना प्रेताकडूनच कीर्तन करवून घ्यावे लागते. हा चमत्कृतीचा सोस नाही. नेहमीच्या कथनात ज्याला जागा नाही, त्याला बसवायचे, तर भिंत पाडावीच लागते.

२३/
मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे सावध व्हावे. कादंबरीतला मृत बोलतो, ते जिवंत लेखकाचे शब्द. कर्णाचे मनोगत हे कर्णाचे नव्हे, सावंतांचे आहे. ते वाचून आपण हेलावतो आणि मग 'कर्णाला असे वाटत होते' असे बिनदिक्कत म्हणू लागतो. मृतांच्या तोंडी शब्द घालण्याचा मोह आजच्या समाजमाध्यमांवर तर रोज दिसतो : अमुक महापुरुष आज असते, तर काय म्हणाले असते! इतिहासकाराला ती मुभा नाही. एक्सरच्या वीराचे नाव दगडावर नसेल, तर ते आपण ठेवू शकत नाही. मग इतिहासकाराने मृतांना बोलते करायचे कसे?

२४/
याचे एक उत्तर आयर्लंडमध्येच मिळते. गॉलवे परगण्यातल्या ट्यूम गावी अविवाहित मातांसाठी व त्यांच्या मुलांसाठी चर्चच्या जोगिणींनी चालवलेली एक संस्था १९२५ ते १९६१ या काळात होती. कॅथरिन कॉर्लेस या स्थानिक इतिहासाच्या अभ्यासक बाईंनी तिथे वारलेल्या मुलांच्या मृत्युनोंदी एकेक करून मिळवल्या. आकडा निघाला ७९६. मग त्यांनी दफनाच्या नोंदी शोधल्या. त्या जवळजवळ नव्हत्याच. २०१४ मध्ये हे जगापुढे आले, २०१७ मध्ये सरकारी चौकशी आयोगाने तिथे जमिनीखालच्या रचनेत बालकांचे अवशेष असल्याचे जाहीर केले आणि २०२५ मध्ये उत्खनन सुरू झाले.

२५/
कॉर्लेस यांनी त्या मुलांच्या तोंडी एकही वाक्य घातले नाही. त्यांनी दोन याद्या शेजारी ठेवल्या : मेलेल्यांची आणि पुरलेल्यांची. दोन्हींमधल्या फरकानेच बोलणे केले. लेखक मृताला वाणी देतो. इतिहासकार त्याचे नाव, तारीख आणि जागा परत मिळवून देतो, आणि गप्प कोणी केले, ते दाखवतो. भाऊराव, कॅट्रीना आणि कॉनवे जे मागत होते, तेही यापेक्षा निराळे नव्हते. अमरत्व कोणीच मागितले नव्हते. जागा मागितली होती, आणि ती जागा कोणी हिरावली याचा जाब.

२६/
मुंबईची हद्द वाढत गेली, तशी उपनगरांत गावे शहराच्या पोटात गेली. १९५७ मध्ये महापालिकेची सीमा दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. गावठाणे, पाडे, मग चाळी, आता चाळींच्या जागी मनोरे. प्रत्येक थरात आधीच्या थराची माणसे पुसली जातात. माझे बालपण घाटकोपरच्या अशाच एका चाळीत गेले. आजोबा सिंधुदुर्गातून येऊन तिथे राहिले आणि खोली त्यांच्याच नावावर होती. चाळ पुनर्विकासाला गेली, तेव्हा भाडेकरूंची यादी लागली. आजोबांच्या नावापुढे 'हयात' असे लिहिलेले होते. त्यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती.

२७/
दुरुस्तीसाठी बाबांनी मृत्यूचा दाखला नेला. खिडकीपलीकडच्या गृहस्थांनी तो बाजूला ठेवला आणि म्हणाले, "मूळ भाडेकरूंना एकदा समक्ष घेऊन या." घरी येऊन बाबा संतापले होते. आजी मात्र शांतपणे म्हणाली, "ऱ्हवांदे. कागदार तरी तेंनी घर सोडूक नाय." त्या वेळी सगळे हसलो. 'महानिर्वाण' वाचताना ते वाक्य पुन्हा आठवले आणि या वेळी हसू आले नाही. भाऊराव काही केवळ नाटकातले पात्र नव्हता.

२८/
आज त्या जागी मनोरा आहे. चाळीत शंभराहून अधिक खोल्या होत्या. ती यादी हीच बहुधा त्या चाळीची एकमेव समग्र नोंद असेल. तीत हयात कोण, मृत कोण, याचा घोळ असला तरी. तिची छायाप्रत मी जपून ठेवली आहे आणि हयात असलेल्यांकडून एकेका खोलीची माहिती लिहून घेतो आहे : कोण, कुठून आले, काय काम करत, कधी गेले. त्रेचाळीस खोल्या झाल्या.

२९/
तुमच्याही घरात एखादी जुनी भाडेपावती असेल, शिधापत्रिका असेल, चाळीच्या सत्यनारायणाची वर्गणीवही असेल. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, कुठेही. ती टाकू नका. त्यावरची नावे वाचा आणि घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकच प्रश्न विचारा : हे कोण होते? उत्तर मिळाले, की तारीख घालून लिहून ठेवा. एक्सरच्या शिळेवर सगळे कोरले आणि नाव तेवढे राहून गेले. आपल्या हातून निदान नाव तरी राहू नये.

(धागा समाप्त. तुमच्या भागातल्या वीरगळाचे वा जुन्या चाळीचे छायाचित्र असेल, तर स्थळ आणि साल यांसह खाली अवश्य जोडा.)